सांदवाडींतील भाजी : बीं, वाफा आणि आमची काळी माती

संत्र्याचें कलम कसें बांधतात हें आमच्या वरूड तालुक्यांतील लहान मुलासही ठाऊक असतें. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत प्रथम जंबेरीचें बीं वाफ्यांत टाकतात, रोप पेन्सिलीएवढें जाड झालें म्हणजे त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि तयार झालेलें कलम पुढें दूरदूरच्या बागांत जातें. जंबेरीचें बीं फळांतून काढून फार दिवस वाळवीत ठेवलें तर त्याची उगवण्याची शक्ति जाते, म्हणून तें लवकर पेरावें लागतें, ही गोष्ट येथील वृद्ध माळी कोणतेंही पुस्तक न उघडतां जाणतात. बीजशास्त्राचें इतकें ज्ञान ज्या भागांत घरोघर आहे, त्याच भागांतील पुष्कळ घरीं सांबाराची जुडी मात्र बाजारांतून विकत येते हें पाहून आम्हांस नवल वाटतें. आणि खरें सांगावयाचें तर थोडें वाईटही वाटतें. (कोथिंबिरीस आपल्या वऱ्हाडांत सांबार म्हणतात, हें बाहेरगांवच्या वाचकांकरितां सांगून ठेवतों, नाहीं तर ते आमटीची कल्पना करून बसतील.)

पूर्वीं घराच्या मागें सांदवाडी असे. पऱ्हाटीच्या कुंपणावर वालाचा वेल, उकिरड्याच्या कडेस कोहळें, न्हाणीच्या पाण्यावर अळू व चार मिरच्या, असा तिचा थाट असे. तिच्यासाठीं कोणी निराळा खर्च करीत नसे. आतां अंगणांत फरशी आली, न्हाणीचें पाणी नळींतून गटारांत गेलें, आणि दहा एकर संत्र्याचा बागाईतदारही आठवडी बाजारांत भाजीच्या भावाची घासाघीस करूं लागला. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं अजूनही दहा फूट लांब व दहा फूट रुंद एवढी मोकळी जागा निघेल. तेवढ्या जागेंत काय करितां येईल, आणि प्रथम काय चुकतें, तें सांगण्याचा येथें आमचा विचार आहे.

चुकण्यापासूनच आरंभ करणें बरें, कारण त्या विषयांत आमचा अधिकार मोठा आहे. आम्ही प्रथम परसांत भाजी लावली तेव्हां मृगाच्या सरी पडतांच मोठ्या उत्साहानें जमीन खणली, ती गुळगुळीत सपाट केली, आणि टोमॅटो, वांगीं व मिरची यांचें बीं ओळींनीं पेरून वर चांगली बोटभर माती लोटली. रात्रीं पाऊस झाला, दुसऱ्या दिवशींही झाला. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. तण तेवढें जोमानें उगवलें. बियाणें खोटें निघालें असें आम्ही शेजारच्या एका वृद्ध बाईंजवळ बोलून दाखविलें. त्यांनीं वाकून माती हातांत घेतली, दाबली, आणि त्या म्हणाल्या, "गुरुजी, बी काई उपाशी नाई मेलं, बुडून मेलं." एवढ्या एका वाक्यांत त्या बाईंनीं जें सांगितलें, त्याचाच विस्तार आम्ही पुढें करीत आहों.

बीं हें निर्जीव दिसतें, पण तें झोपलेलें असतें. त्याच्या पोटांत एक इवलासा अंकुर व त्याच्यापुरती शिदोरी असते. त्यास जागें करण्यास तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि हवा. पहिल्या दोन सर्वांच्या ध्यानांत असतात, तिसरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पाणी मिळतांच बीं फुगतें आणि आंतील शिदोरी जाळून वाढीसाठीं शक्ति उत्पन्न करूं लागतें. या कामास प्राणवायु लागतो, जसा आपणांस धांवतांना लागतो. मातीच्या कणांमधील पोकळींत हवा असते. ती पोकळी सर्व पाण्यानें भरली कीं बियाचा श्वास कोंडतो, आणि चार-दोन दिवसांत तें कुजूं लागतें. कोरड्या मातींत पडलेलें बीं कांहीं दिवस वाट पाहूं शकतें. जागें होऊन बुडालेलें बीं वाट पाहूं शकत नाहीं.

आतां आमच्या मातीकडे वळूं. दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यांत चिकणमातीचें प्रमाण फार, आणि ती चिकणमातीही अशा जातीची कीं ओली झाली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. वैशाखांत शेतास पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो तो याच कारणानें. पाणी धरून ठेवण्यांत या मातीची बरोबरी करणारी माती थोडी, म्हणून तर ती कापसास मानवली. परंतु इवल्याशा बियास तिचे दोन स्वभाव घातक होतात. पाऊस लागला कीं ती हवा कोंडते, आणि उघाड पडली कीं तिच्यावर कठीण पापुद्रा धरतो. टोमॅटोच्या कोवळ्या कोंबास तो पापुद्रा फोडतां येत नाहीं.

आपल्या परसांतील माती कशी आहे हें विद्यार्थ्यांस घरच्या घरीं पाहतां येईल. कांचेची एक रुंद तोंडाची बाटली घ्यावी, तिचा तिसरा हिस्सा चाळलेल्या मातीनें भरावा, वर पाणी ओतून झांकण लावावें, खूप हलवावें व बाटली खिडकींत ठेवून द्यावी. रेती एक-दोन मिनिटांत तळाशीं बसते, पोयटा कांहीं तासांत, आणि चिकणमाती एक-दोन दिवस घेते. कधीं त्याहूनही अधिक. तिन्ही थर पट्टीनें मोजावे. दुसरा प्रयोग याहूनही सोपा आहे. काळ्या मातीच्या खालच्या थरांत पांढरे खडे सांपडतात, त्यांवर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे आले कीं ती चुनखडी समजावी. आपल्याकडील बहुतेक काळी माती अशी चुनखडीची, म्हणजे अल्कधर्मी आहे. त्यामुळें मातींत लोह असूनही रोपास तें नीट घेतां येत नाहीं, आणि कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमचे बागाईतदार यास केवडा पडला असें म्हणतात. संत्र्यावर तो सर्वांनीं पाहिला आहे.

याच कारणास्तव आम्ही एका जुन्या रीतीस थोडा विरोध करितों. चुलीची राख भाजीच्या वाफ्यांत ओतावी असें पुष्कळ घरीं सांगतात. कोंकणांतील आंबट, धुतलेल्या जमिनीस राख उपकारक होईल; आमच्या जमिनीस ती टोपलींनीं घातली तर तिचा अल्कधर्म आणखी वाढेल. किडीसाठीं पानांवर चिमूटभर भुरभुरणें निराळें. दुसरी समजूत अशी कीं चिकण मातींत दोन घमेलीं रेती टाकली म्हणजे ती भुसभुशीत होते. तसें होत नाहीं. गुण दिसावयाचा तर जवळजवळ निम्मी रेती घालावी लागेल, आणि तेवढी रेती आणून तिचें काय करणार? रोपें तयार करण्याच्या लहान खोक्यांत रेती अवश्य घालावी. वाफ्यासाठीं मात्र उपाय एकच, तो म्हणजे कुजलेलें खत.

या खताच्या बाबतींत एक गोष्ट आमच्या वाचकांस अभिमानाची वाटेल. सर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानें इंदूर येथें १९२४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत काम करीत असतां खत करण्याची जी पद्धति बसविली, ती जगभर 'इंदूर पद्धति' या नांवानें ओळखली जाते. त्या संस्थेस कापूस समितीचें द्रव्यसाहाय्य होतें, आणि हॉवर्डपुढें मुख्य प्रश्न आपलाच होता : वेंचणी झाल्यावर राहणाऱ्या पऱ्हाटीचें करावयाचें काय? ती इतकी टणक कीं कुजावयाची नाहीं. त्यानें ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखालीं चिरडविली, गोठ्यांत गुरांच्या पायांखालीं अंथरली, आणि मग शेण, मूत्र व पालापाचोळा यांच्याबरोबर खड्ड्यांत थरांनीं घातली. ढीग तीन वेळां उलथावा, म्हणजे सुमारें तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत तयार होई. १९३१ सालीं या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्डबरोबर यशवंत वाड यांचेंही नांव आहे. हॉवर्डनें पुढें वारंवार लिहून ठेवलें कीं हिंदुस्थानांतील शेतकऱ्यांपासून आपण पुष्कळ शिकलों. आज तीच पऱ्हाटी आमच्याकडे शेतांत पेटवून देतात, आणि तिकडून खताचीं पोतीं विकत आणतात.

घरासाठीं तीन फूट लांब-रुंद व दोन फूट खोल खड्डा पुरतो. खालीं बारीक तोडलेली पऱ्हाटी किंवा वाळलेला पाला, त्यावर भाजीचीं देठें व सालें, त्यावर शेणाचा काला, वर मूठभर माती, असे थर द्यावे. संत्र्याच्या सालींची या गांवांत वाण नाहीं. त्या तुकडे करून व थोड्या थोड्या घालाव्या. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. खड्ड्यास घाण येऊं लागली तर पाणी फार झालें व हवा कमी पडली असें समजून तो उलथावा. येथेंही तोच हवेचा न्याय. कच्चें शेण मात्र वाफ्यांत कधींही घालूं नये, त्यानें मुळांस उष्णता बाधते आणि हुमणीस आमंत्रण मिळतें.

आपल्याच जिल्ह्यांतील बेलोरा गांवचे सुभाष पाळेकर यांनीं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन व मूठभर माती पाण्यांत कालवून केलेल्या जीवामृताचा देशभर प्रसार केला, व त्यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. जीवामृतावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आमचें मत असें कीं ज्यांस तें करणें आवडतें त्यांनीं अवश्य करावें, परंतु त्याच्या भरंवशावर खताचा खड्डा मोडूं नये.

जमीन केव्हां खणावी हा प्रश्न आमच्या मातींत किती खणावी याहून महत्त्वाचा आहे. ओली असतां खणाल तर फावड्यास चिकटून तिचे गोळे होतील, आणि ते वाळून विटेसारखे कठीण बनतील. अगदीं वाळल्यावर खणाल तर कुदळ उडेल. मधली स्थिति तो वापसा. मूठभर माती दाबावी. ती गोळा धरील, पण अंगठ्यानें टोचतांच फुटेल, तर वापसा आला. शेतकऱ्याच्या मुलास हें सांगणें म्हणजे माशास पोहणें शिकविणें होय; हे शब्द कचेरींत नोकरी करणाऱ्या पालकांकरितां आहेत. वीतभर खोल खणून ढेंकळें फोडावीं, दहा फूट लांब-रुंद जागेस आठ-दहा घमेलीं खत मिसळावें, आणि गादीवाफे करावे : रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो, आणि उंची निदान सहा इंच. दोन वाफ्यांमध्यें चालण्यास वाट ठेवावी व वाफ्यावर पाय देऊं नये. मुसळधार पावसांत पाणी वाटेंत उतरतें आणि गादीच्या आंत हवा राहते. आमचें पहिलें बीं ज्या कारणानें मेलें तें कारण या सहा इंचांनीं दूर झालें.

भाज्यांचे दोन वर्ग आहेत. टोमॅटो (ज्यांस आपल्या आज्या भेदरें म्हणतात), वांगीं, मिरची, कोबी व कांदा यांचीं रोपें आधीं निराळ्या जागीं करून मग लावावीं. भेंडी, गवार, बरबटी, वाल, ढेमसें, दोडका, कारलें, कोहळें, मेथी, पालक, सांबार, मुळा व गाजर हीं जागच्या जागीं पेरावीं; मुळा-गाजर उपटून दुसरीकडे लावल्यास तीं वांकडीं होतात, आणि वेलवर्गाच्या मुळांस धक्का सोसत नाहीं.

बीं किती खोल पेरावें? त्याच्या स्वतःच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. भेंडी किंवा वालाचें बीं बोटाच्या पहिल्या पेराइतकें जाईल, परंतु टोमॅटो-वांग्याचें बीं मातीनें नुसतें झांकलें म्हणजे पुरे. आम्ही त्यावर बोटभर माती लोटली होती हें वाचकांस स्मरत असेलच. लहान बियांवर आमची काळी माती न घालतां चाळलेलें खत भुरभुरावें, म्हणजे पापुद्रा धरत नाहीं. धणे हातानें चोळून त्यांचीं दोन दळें करावीं, कारण ज्यास आपण एक धणा म्हणतों त्यांत दोन बिया असतात. कारल्याचें कवच जाड, तें रात्रभर पाण्यांत भिजवावें. मग धीर धरावा : मेथी तीन-चार दिवसांत दिसते, भेंडी चार-सहा, टोमॅटो पांच-सात, मिरची व सांबार आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक दिवस घेतात. पांचव्या दिवशीं मिरचीचा वाफा उकरून पाहणारा विद्यार्थी दरवर्षीं एक तरी निघतो.

रोपांसाठीं मोठ्या वाफ्याची गरज नाहीं. भोंक पाडलेलें फळांचें खोकें किंवा दुधाच्या रिकाम्या पिशव्या चालतात. त्यांत माती, रेती व चाळलेलें खत समभाग घालावें. टोमॅटोच्या एक ग्रॅम बियांत सुमारें ३०० बिया असतात, आणि एका कुटुंबास दहा-बारा झाडें पुष्कळ होतात. सबब पुडी आणली कीं ती सगळी रिकामी करण्याचा मोह आवरावा. दाट पेरल्यास रोपें उंच, फिकीं व लेचींपेचीं होतात, आणि मग एके सकाळीं तीं जमिनीलगत कंबर मोडून आडवीं पडलेलीं दिसतात. मांजर नाचून गेलें असें मुलांस वाटतें. वास्तविक तें काम ओल्या, कोंदट मातींत वाढणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीवजा जीवाचें असतें. आडवें पडलेलें रोप उठत नाहीं. म्हणून पातळ पेरावें, पाणी सकाळीं द्यावें म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते, आणि खोकें उजेडांत ठेवावें. पेरण्यापूर्वीं बियांस ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची भुकटी चोळली तर अधिक चांगलें. ती कृषिसेवा केंद्रांत मिळते.

चार-पांच आठवड्यांत रोप वीतभर होतें. लावण्याच्या आधीं आठ दिवस पाणी थोडें कमी करून त्यास उन्हाची संवय लावावी. रोप संध्याकाळीं लावावें, मुळांभोवतालची माती सुटूं देऊं नये, आणि लावतांच पाणी द्यावें. टोमॅटोचें रोप थोडें खोल गेलें तरी बिघडत नाहीं, त्याच्या दांड्यास नवीं मुळें फुटतात. ज्या वाफ्यांत यंदा टोमॅटो किंवा वांगीं झालीं, तेथें पुढील हंगामांत बरबटी अथवा वाल घ्यावा. टोमॅटो, वांगें, मिरची व बटाटा हे एकाच कुळांतील असल्यानें त्यांचे रोगही सामाइक असतात.

आतां पाण्याविषयीं, आणि येथें हंसण्यासारखें कांहीं नाहीं. वरूड तालुक्याची गणना भूजलाच्या अतिउपशाच्या तालुक्यांत झालेली आहे. विहिरी आटल्या, कूपनलिका शेंकडों फूट खालीं गेल्या, आणि वाळलेल्या संत्र्यांच्या बागा तोडून सरपण झालेलें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं आपल्या घरींच पाहिलें आहे. अशा ठिकाणीं भाजी लावा असें सांगणाऱ्यानें हिशेब दिला पाहिजे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंच पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपली दहा फूट लांब-रुंद जागा सुमारें ९.३ चौरस मीटर. हिवाळ्यांत रोज चार मिलिमीटर पाणी धरलें तर ३७ लिटर, म्हणजे अडीच बादल्या. मे महिन्यांत नऊ मिलिमीटर धरलें तर ८४ लिटर, म्हणजे साडेपांच बादल्या. यावरून आमचें मत असें झालें आहे कीं येथें पावसाळी व हिवाळी असे दोन हंगाम घ्यावे, आणि उन्हाळ्यांत वाफा पाचोळ्यानें झांकून स्वस्थ ठेवावा.

हिवाळ्यांतील अडीच बादल्याही नळाच्या असण्याचें कारण नाहीं. तांदूळ-डाळ धुतलेलें, भाजी धुतलेलें, माठ विसळलेलें पाणी एका कुटुंबांत दोन बादल्या सहज निघतें. मात्र कपडे धुण्याच्या भुकटीचें पाणी घालूं नये. तिच्यांतील सोडियम चिकणमातीचे कण सुटे करून जमीन चिबड करितें. दर्यापूर, मूर्तिजापूर, आकोट या बाजूच्या पूर्णाखोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत निसर्गतः हीच आपत्ति आहे. ती आपण हातानें ओढवून घेऊं नये. पाणी घातल्यावर रोपांभोवतीं दोन-तीन बोटें जाड पाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते व भेगा पडत नाहींत.

राहतां राहिली गोष्ट पुढच्या वर्षाच्या बियांची. दुकानांतील पुडीवर 'संकरित' असें लिहिलेलें असेल तर तिच्या फळांतील बीं धरूं नये. तें उगवतें, पण निरनिराळ्या वळणाचीं झाडें देतें, कारण दोन भिन्न वाणांचें मीलन एकाच पिढीपुरतें एकसारखें राहतें. टोमॅटोची पुसा रूबी, भेंडीची परभणी क्रांति, किंवा आजीच्या डब्यांतला गांवठी वाल, हे सरळ वाण होत. त्यांचें बीं धरावें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां गांवठी वाणांचें बियाणें घरीं जमवून राखलें, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादींत त्यांचें नांव आलें. (हें अकोलें अहिल्यानगर जिल्ह्यांतील; आपलें अकोला नव्हे.)

बीं धरण्यासाठीं पहिलें, निरोगी व सुडौल फळ राखावें. उरलेलें, कोणी न खाल्लेलें फळ बियास सोडण्याची चाल वाईट. वाल व भेंडी झाडावरच वाळूं द्यावी. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस वाटींत आंबवावा, म्हणजे बियांभोवतालचा बुळबुळीत पडदा सुटतो. मग धुऊन सावलींत वाळवावें. येथें राखेस तिचा मान मिळतो : कोरड्या राखेंत ठेवलेलें बीं ओलावा धरत नाहीं. वांग्या-टोमॅटोचें बीं नीट ठेवल्यास तीन-चार वर्षें टिकतें, कांद्याचें जेमतेम एक. शंका असल्यास २० बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवाव्या. १५ किंवा अधिक उगवल्या तर बीं चांगलें, १० उगवल्या तर दुप्पट पेरावें.

त्या शेजारच्या बाईंनीं दुसऱ्या वर्षीं आम्हांस कागदाच्या पुडींत वालाचे नऊ दाणे दिले. सात उगवले. त्यांच्या शेंगांतून राखलेलें बीं आमच्या वर्गाच्या कपाटांत बाटलींत ठेवलें असून बाटलीवर वाणाचें नांव व बीं धरल्याची तारीख लिहिली आहे. ज्या विद्यार्थ्यास पाहिजे असेल त्यानें मृगापूर्वीं येऊन पांच दाणे न्यावे, आणि दिवाळीच्या सुटीनंतर दहा परत आणावे.